इंदापूरची मोजणी आणि विंगेट

जुन्या दप्तरांच्या शोधार्थ खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या मंडळींचा एक परिपाठ ठरून गेला आहे. वाड्याच्या माळ्यावरून रुमाल खालीं आले कीं मोडी कागद एका बाजूस, पोथ्या दुसऱ्या बाजूस, आणि इंग्रजी अमदानीचें म्हणून जें कांहीं निघेल तें तिसऱ्या बाजूस ठेवावयाचें. पहिल्या दोन ढिगांची यादी होते, तिसऱ्याची होत नाहीं. या तिसऱ्या ढिगांत कापडावर चिकटविलेले, घडीवर फाटलेले गांवनकाशे असतात, प्रतबंदीचे उतारे असतात, आकारबंदाच्या नकला असतात. आम्हींही अनेक वर्षें हाच परिपाठ चालविला. तेव्हां पुढील टीका प्रथम आमच्यावर व मग इतरांवर आहे असें वाचकांनीं समजावें.

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या बाबतींत ही हयगय विशेष बाधते. पुणें, सुपें, बारामती, इंदापूर हा शहाजीराजांच्या मोकाशाचा मुलूख म्हणून आपण त्याचा कागद न् कागद धुंडाळतों. मालोजीराजे इंदापुरास पडले म्हणून त्या कसब्याचें नांव आदरानें घेतों. परंतु ज्या मोजणीनें मुंबई इलाख्यांतील शेताचा आंकडा, हद्द व धारा ठरविण्याची रीत प्रथम घालून दिली, ती याच इंदापुरांत १८३६ सालीं उभी राहिली, ही गोष्ट आपल्या लेखनांत एखाद्या ओळीपलीकडे जात नाहीं. कन्हेरीसारख्या गांवीं जाऊन मारुतीच्या देवळापाशीं एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास त्याची जमीन कोणती म्हणून पुसलें, तर तो आधीं आंकडा सांगतो व मग नांव सांगतो. आंकडा आधीं येतो याचें मूळ त्या मोजणींत आहे.

त्या मोजणीचा कर्ता म्हणून जॉर्ज विंगेट याचें नांव घेतलें जातें. हा मुंबईच्या इंजिनियर पलटणींतील अधिकारी. जन्म १८१२, मृत्यु १८७९. त्याचा जोडीदार हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा मुलकी खात्यांतील असिस्टंट कलेक्टर. त्याचाही जन्म १८१२ चाच. १८३५ सालीं दोघांस इंदापूरच्या कामावर नेमण्यांत आलें तेव्हां दोघेही तेविशीच्या घरांत होते. पुढें लेफ्टनंट नॅश त्यांस येऊन मिळाला. १८३६ सालीं ठरलेले दर तीस वर्षांसाठीं कायम करण्यांत आले. या पद्धतीचे नियम १८४० च्या व नंतर १८४७ च्या संयुक्त रिपोर्टांत ग्रथित झाले. दुसऱ्या रिपोर्टावर डेव्हिडसन याचीही सही आहे. गोल्डस्मिड मुंबई सरकारचा मुख्य सेक्रेटरी होऊन १८५५ सालीं कैरो येथें वारला. विंगेट विलायतेस परतला, सर झाला, आणि पुष्कळ काळ जगला. चरित्र म्हणून यापेक्षां अधिक विस्ताराचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. त्याचें खरें चरित्र त्या दोन रिपोर्टांत आहे.

विंगेटविषयीं लिहिणारे तीन प्रकारचे आढळतात. पहिले सरकारी ग्रंथकार. १८८५ चें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर हें त्यांचें प्रातिनिधिक पुस्तक; त्याचें साहित्य अपरंपार आहे, पण सूर असा कीं, प्रिंगलनें बिघडविलें तें विंगेटनें सुधारलें. दुसरे आमचे राष्ट्रीय अर्थशास्त्रज्ञ. रमेशचंद्र दत्त यांनीं दर ठरवितांना रयतेस तोंड उघडण्याची सोय नव्हती, सर्व कांहीं मोजणी अधिकाऱ्याच्या अजमासावर होतें, हा मुद्दा धरला. तो योग्य आहे. तिसरे अलीकडचे विद्यापीठीय संशोधक. एरिक स्टोक्स यांनीं १९५९ च्या ग्रंथांत रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा धागा प्रिंगलपासून विंगेटपर्यंत दाखविला. रविंदर कुमार यांनीं १८६८ नंतरच्या नव्हे, तर १८१८ पासूनच्या ग्रामव्यवस्थेच्या विघटनांत या पद्धतीचें स्थान १९६८ च्या ग्रंथांत ठरविलें. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. कोणीही साखळी घेऊन शेतांत उतरत नाहीं. सारे जण दर पाहतात, नकाशा पाहत नाहींत.

प्रिंगलची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयींच मोठा अन्याय झाला आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलिबरीच्या कॉलेजांत, म्हणजे जेथें माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे तेथें, तयार झालेला हुशार मुलकी अधिकारी. त्याचा सिद्धांत असा कीं, पिकाच्या एकंदर किंमतींतून लागवडीचा खर्च वजा करून जें निव्वळ उत्पन्न राहील त्याच्या शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे. कागदावर हें निर्दोष दिसतें. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें निव्वळ उत्पन्न काढावयाचें म्हणजे बैलाचा चारा, बियाणें, मजुरी, खत, पाऊस या सर्वांचा हिशेब शेतकऱ्याच्या व कारकुनाच्या तोंडून मिळवावयाचा. तो हिशेब नीट मिळाला नाहीं. धारा डोईजड झाला, रयत शेतें टाकून निघून गेली, आणि इंदापूर ओसाड पडूं लागलें.

या अपयशाचें कारण म्हणून इंग्रज ग्रंथकार एकमुखानें एतद्देशीय कारकुनांच्या लबाडीकडे बोट दाखवितात. प्रतबंदी करणाऱ्यांनीं लांच घेतले, आंकडे फिरविले, इत्यादि. लबाडी झाली नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. दप्तराशीं ज्याचा परिचय आहे तो असें म्हणणारही नाहीं. परंतु दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत. एक, त्या काळांत धान्याचे भाव सारखे उतरत होते. रोकड धारा कायम आणि धान्य स्वस्त, अशा स्थितींत अगदीं प्रामाणिक प्रतबंदीनेंही रयत बुडालीच असती. दुसरी, विंगेटनें मोजणी कोणाकडून करविली? साखळी धरणारे, प्रत लावणारे, खर्डे लिहिणारे लोक त्यानें विलायतेहून आणले नव्हते. ज्या वर्गाच्या माथीं प्रिंगलचें अपयश मारलें गेलें, त्याच वर्गाच्या हातून विंगेटचें यश पार पडलें. अपयश कारकुनांचें आणि यश साहेबाचें, ही वांटणी इतिहासाची नव्हे. विंगेटनें तपासणी कडक ठेवली, स्वतः शेतोशेत हिंडून नमुन्याच्या जमिनी पुन्हा पाहिल्या, हें त्याचें श्रेय. पण निर्णायक गोष्ट ही कीं त्यानें दर उतरविले.

आतां मोजणीची रीत पाहूं. येथें विंगेटचा खरा अधिकार दिसतो, आणि येथेंच संग्राहकांनीं थांबावें अशी आमची विनंती आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात् १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. सोळा आण्यांचा रुपया ज्याच्या अंगवळणीं पडला आहे अशा कुळकर्ण्यास हा हिशेब शिकवावा लागला नसेल. शंकूनें काटकोन घ्यावयाचा, साखळीनें लांबी घ्यावयाची, आणि शेताचे त्रिकोण-चौकोन पाडून क्षेत्र काढावयाचें. क्षेत्र ठरलें कीं प्रतबंदी. शेताचे अदमासें सारखे भाग कल्पून प्रत्येक भागांत जमीन खणून खोली पाहावयाची. उत्तम काळी जमीन पावणेदोन हात खोल भरली कीं ती पहिल्या प्रतीची, सोळा आण्यांची. खोली कमी होईल तसतशी प्रत उतरत दोन आण्यांपर्यंत येते. एकंदर प्रती नऊ. शिवाय चुनखड, वाळू, उतार, पाण्याचा लोंढा, पाणथळपणा अशा दोषांच्या खुणा ठरलेल्या. एक दोष आढळला कीं एक प्रत खालीं. प्रत्येक भागाच्या चौकटींत ही खोली व या खुणा मांडल्या म्हणजे त्या शेताची नाडी कागदावर उतरली.

या चौकटी ज्यानें एकदां लक्ष देऊन वाचल्या त्यास त्या रुक्ष वाटणार नाहींत. शेंदीडशें वर्षांपूर्वीं एखाद्या शेताच्या उत्तरेस माती हातभर होती व दक्षिणेस वीतभर होती, ओढ्याच्या बाजूस चुनखड होती, हें सांगणारा दुसरा कागद आपल्या दप्तरांत नाहीं. पेशवाईंतील पाहणीखर्डे जमिनीस अव्वल, दूम, सीम म्हणून मोकळे होतात. ती प्रत कशावरून ठरली हें बहुधा सांगत नाहींत.

प्रतबंदी झाल्यावर धाऱ्याचा प्रश्न. येथें विंगेट व गोल्डस्मिड यांनीं प्रिंगलचा सिद्धांत बाजूस ठेवला. निव्वळ उत्पन्न काढण्याच्या फंदांत न पडतां त्यांनीं मागील वर्षांचा वसूल, सूट, लागवड व भाव यांचे तक्ते मांडले. पाऊसमान, बाजाराचें अंतर व शेतीची राहणी पाहून गांवांचे गट केले. प्रत्येक गटास जिराइताचा एक कमाल दर लावला. आणि प्रतीप्रमाणें तो शेतोशेत उतरविला. कमाल दर कसा ठरला या प्रश्नाचें उत्तर रिपोर्टांत शोधूं गेल्यास अनुभव व विवेक यांपलीकडे कांहीं सांपडत नाहीं. दत्त यांचा आक्षेप येथें बिनतोड लागू पडतो. प्रतबंदी मोजून केलेली व दर अजमासानें ठरविलेला, असा हा जोड आहे. पण जो अजमास असतो त्यास अजमास म्हणण्याचा प्रामाणिकपणा प्रिंगलच्या शेंकडा ५५ पेक्षां आम्हांस बरा वाटतो.

आतां आक्षेपाची बाजू. आमच्या संशोधकांत अशी समजूत रूढ आहे कीं सर्व्हे नंबर म्हणजे जुन्या शेतास लावलेला नवा आंकडा; तेव्हां सनदेंतील शेत नकाशावर दाखविणें सोपें. ही समजूत चूक आहे, आणि तिच्यापायीं इनामांचीं ठिकाणें ठरवितांना पुष्कळ घोळ झाले आहेत. विंगेटचा नंबर हा एका बैलजोडीनें होण्याजोगें क्षेत्र पाहून पाडलेला होता. भारी काळींत लहान, हलक्या जमिनींत मोठा. जुनें शेत त्याहून लहान असलें तर दोनतीन मिळून एक नंबर, मोठें असलें तर एकाचे अनेक. मध्यें न नांगरलेली पट्टी, कोपऱ्यांस दगड व मातीचे उंचवटे. हद्द कायम झाली, पण ती जुनीच होती असें नव्हे.

मापाचेंही तसेंच. अण्णाजी दत्तोंच्या धाऱ्यांत पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेंवीस बिघ्यांचा चावर. हें कोष्टक पाठ म्हणून बिघ्याचे एकर करावयास बसूं नये. हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरावयाचा असा प्रघात कित्येक गांवीं होता. कोठें मुंडबंदीनें तुकड्यावर ठोक रक्कम बांधलेली असे व बिघा नुसता नांवाला. आम्हीं स्वतः एकदां एका इनामाचे बिघे कोष्टकानें फिरवून ते नकाशावर बसविले, आणि गांवच्या ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या शिवारांत जाऊन पडलों. चूक ध्यानांत आणून दिली ती तेथील एका म्हाताऱ्या महारानें. शिवेची माहिती महाराकडे असावी ही जुनीच रीत. सीमेच्या तंट्यांतील महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस तिचें नवल वाटणार नाहीं.

नंबर आला आणि नांवें मागें पडलीं. मोडी थळझाड्यांत शेताला नांव असतें, धन्याचा मिरासहक्क असतो, उपऱ्याचा उपरेपणा असतो, आणि चतुःसीमेंत शेजारी बोलत असतात. नव्या आकारबंदांत नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदार एवढेंच. मिराशी व उपरी दोघेही खातेदार झाले; दोघांसही धारा भरला तर जमीन आपली, नाहीं तर टाकून द्यावयाची मुभा. पुष्कळांनीं यांत समता पाहिली. पण जी जमीन एका आंकड्यांत ओळखतां येते, जिची हद्द दगडांनीं बांधली आहे, जिचा धारा तीस वर्षें ठरलेला आहे, ती गहाण टाकण्यास व गहाण घेण्यासही सोपी. सावकारास याहून स्पष्ट तारण कोणतें हवें होतें?

येथें मोजणीकारांच्या जातीविषयीं दोन शब्द लिहावेसे वाटतात. हिंगणघाटास ज्याची कबर आहे तो विल्यम लॅम्टन याच देशांत त्याच अर्धशतकांत राबला. हा अमेरिकेंतील युद्धांत यॉर्कटाउनास कैद झालेला, पुढें न्यू ब्रन्सविकच्या जंगलांत जमिनी व हद्दी मोजलेला शिपाई. १८०२ सालीं त्यानें मद्रासेजवळ पहिली पायारेषा मोजली, आणि दक्षिणेकडून त्रिकोणांची सांखळी ओढीत १८२३ सालीं हिंगणघाटास देह ठेवला. त्याची दृष्टि ताऱ्यांवर व पृथ्वीच्या गोलाईवर. कोणत्या शेताचा धारा किती याशीं त्यास कर्तव्य नव्हतें. विंगेटची दृष्टि पावणेदोन हात मातीवर. इंदापूरच्या मोजणीची सांगड प्रारंभीं त्या त्रिकोणांशीं घातलेली नव्हती, म्हणून दोन शेजारच्या गांवांच्या नकाशांच्या कडा एकमेकींस जुळतीलच असें नाहीं. क्षेत्रासाठीं केलेला नकाशा भूगोलासाठीं वापरूं नये, हें तारतम्य ठेवावें.

लॅम्टन न्यू ब्रन्सविकांत असतांना त्याच खंडाच्या उत्तरेस डेव्हिड थॉम्प्सन हा चौदा वर्षांचा मुलगा १७८४ सालीं हडसन उपसागराच्या कांठीं केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या नोकरींत दाखल झाला. पुढें प्रतिस्पर्धी कंपनीकडे जाऊन त्यानें पॅसिफिक महासागरापर्यंतचा मुलूख मोजला, आणि १८१४ सालीं सिद्ध झालेला त्याचा प्रचंड नकाशा त्या कंपनीच्या दिवाणखान्यांत लागला. लंडनच्या नकाशे छापणाऱ्यांनीं त्याची माहिती वापरली, नांव दिलें नाहीं. तो १८५७ सालीं दारिद्र्यांत मेला, आणि त्याची हकीकत १९१६ सालीं छापून निघाली. थॉम्प्सनचें काम राहिलें व नांव गेलें. इंदापुरांत उलट झालें. विंगेटचें नांव राहिलें, आणि ज्यांनीं चौकट न् चौकट भरली त्यांचीं नांवें गेलीं. मात्र तीं सर्वस्वीं गेलीं असें मानण्याची घाई करूं नये. मोजणीच्या मूळ कागदांवर मोजणारांच्या सह्या असण्याचा संभव असतो. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं खालचा कोपरा पाहून त्या नोंदवून ठेवाव्या.

तीस वर्षें भरलीं तेव्हां विंगेट इंदापुरांत नव्हता. मधल्या काळांत आगगाडी १८५८ सालीं पुण्याहून डिकसळपर्यंत आली, अमेरिकेंतील यादवीनें १८६१ ते १८६५ कापसास सोन्याचा भाव आणला, धान्यही चढलें. याच चढत्या भावांवर नजर ठेवून इंदापूरची फेरआकारणी झाली. भाव लौकरच बसले, धारा बसला नाहीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ओरड केली. १८७४ सालीं सरकारनें वाढीस मर्यादा घातली: गटास शेंकडा ३३, एका गांवास ६६, एका खात्यास १००. त्या मर्यादेची गरज पडली यांतच पूर्वीच्या वाढीचा निवाडा आहे. १२ मे १८७५ रोजीं सुप्यास लोक सावकारांवर चालून गेले व त्यांनीं वह्या-रोखे जाळले. चौकशी कमिशनांतही दंग्यास धारा किती कारण व कर्ज किती कारण यावर एकमत झालें नाहीं. ऑकलंड कॉल्विन यानें निराळें टिपण जोडून धाऱ्यावर अधिक भर दिला.

या दंग्यांचें मूळ विंगेटच्या मोजणींत शोधणारांस आम्ही त्याचाच १८५२ चा लेख दाखवूं. दिवाणी कोर्टें व सावकार यांच्या कचाट्यांत रयत कशी सांपडली आहे हें त्यानें दंग्यांच्या तेवीस वर्षें आधीं सरकारास स्पष्ट लिहून कळविलें होतें. १८५९ सालीं विलायतेंत छापलेल्या पुस्तकांत हिंदुस्थानांतून इंग्लंडास जाणाऱ्या पैशास त्यानें खंडणी म्हटलें. दत्त यांनीं त्याच्या धारापद्धतीवर टीका केली आणि याच साक्षीचा आधारही घेतला. आमच्या मतें दोन्ही यथार्थ आहेत. त्यास रोग दिसला. पण शेत नांवानिशीं समाजांतून उचलून आंकड्यानिशीं कागदावर ठेवण्यांत आपण त्या रोगास वाट करून दिली, हें त्यास दिसल्याचें त्याच्या लिखाणावरून म्हणतां येत नाहीं. गोल्डस्मिडच्या स्मरणार्थ १८६५ सालीं वर्गणी जमवून डिकसळास धर्मशाळा बांधली गेली. त्यानंतर दहाच वर्षांनीं सुपें पेटलें.

शेवटीं संग्राहकांस सांगावयाचें तें हें. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गांवोगांव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. विंगेटच्या आंकड्यानें शेताच्या नांवावर जी पाळी आणली तीच या नव्या आंकड्यानें त्याच्यावर आणली. जुने नकाशे निरुपयोगी ठरले आणि रद्दींत निघाले. ज्यास मोडी सनदेंतील शेत आजच्या शिवारांत दाखवावयाचें आहे त्यास आतां तीन पायऱ्या उतराव्या लागतात: नांवावरून नंबर, नंबरावरून गट, गटावरून जमीन. मधली पायरी त्या तिसऱ्या ढिगांत आहे.

इंदापूर तालुक्याच्या उत्तर कांठीं तर शेवटची पायरीही राहिलेली नाहीं. १९८० सालीं पुरें झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखालीं भीमेकांठचीं गांवें गेलीं. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे पळसदेवाचें जुनें देऊळ वर येतें, लोक पाहावयास जातात, आणि मृगानंतर तें पुन्हा बुडतें. त्या गांवांची पांढरी व काळी, माती कोठें हातभर होती आणि चुनखड कोठें लागत होती, हें आतां खणून पाहतां येणार नाहीं. तें त्या चौकटींत लिहिलेलें आहे. बुडालेल्या गांवांतून उठून गेलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत असे नकाशे अद्याप असण्याचा संभव आहे. या भागांत हिंडणाऱ्या सभासदांनीं मोडी रुमालाबरोबर त्यांचीही चौकशी करावी, व मिळतील त्यांच्या छायाप्रती, गांवाचें नांव व नंबर यांसह, मंडळाकडे पाठवाव्या.